फौजेच्या पैशाचा हिशेब मागू, जवानाच्या पेन्शनीवर हात टाकणार नाही



गेल्या दोन जिल्हा बैठकांत एक सूचना पुन्हा पुन्हा येते आहे. सूचना मांडणारी पोरे तरणी आहेत, शिकलेली आहेत, रागावलेली आहेत. त्यांचे म्हणणे असे, की कापसाला भाव द्यायची वेळ आली की सरकारची तिजोरी रिकामी असते, ज्वारी खरेदी करायची वेळ आली की बारदाना नसतो. मग फौजेवर आणि फौजेच्या पेन्शनीवर लाखो कोटी येतात कुठून? तेव्हा ठराव करा, संरक्षणाचा पैसा कमी करा आणि तो शेतीकडे वळवा. ठराव टाळ्यांच्या गजरात पास होण्याच्या बेतात होता. तेवढ्यात मागच्या ओळीतला एक म्हातारा उठला. धोतर-टोपीतला माणूस, आपल्यातलाच. म्हणाला, "सतरा वर्षे फौजेत काढली. घरी तीन एकर कपाशी आहे. माझ्या एका खिशातले काढून दुसऱ्या खिशात टाकणार, आणि त्याचा ठराव करणार?" एवढे बोलून बसला. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

ती बैठक आता तोंडावर आहे, म्हणून आमचे मत आधीच लिहून ठेवतो. आमचे मत ठरावाच्या विरुद्ध आहे. पण ठरावामागचा राग खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आधी आकडे पाहू. २०२५-२६ च्या केंद्राच्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले. सगळ्या अंदाजपत्रकाच्या रुपयातले हे साडेतेरा पैसे होतात. त्यातून तोफा, विमाने, जहाजे अशा भांडवली खर्चाला १ लाख ८० हजार कोटी, आणि पेन्शनीला १ लाख ६० हजार कोटींच्या वर. त्याच वर्षी शेती मंत्रालयाची सगळी तरतूद १ लाख ३७ हजार कोटींच्या आसपास होती. म्हणजे देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या नावाने जेवढे मंत्रालय चालते, त्याहून जास्त पैसा एकट्या संरक्षण पेन्शनीला. हा आकडा ऐकून डोके तापले नाही तर तो शेतकरी कसला?

पण तापल्या डोक्याने तराजू धरायचा नसतो, हे आपण बाजार समितीत मार खाऊन शिकलो आहोत. शेती मंत्रालयाचा पैसा म्हणजे शेतकऱ्याचा पैसा, हे आपण कधीपासून मानायला लागलो? त्यातला किती शेतावर येतो आणि किती कार्यालयात मुरतो, हे तुम्ही जाणता. आमचे मागणे सरकारने आमच्यावर पैसा उधळावा असे कधीच नव्हते. आमच्या घामाच्या दामातून काढून घेऊ नका, एवढेच आम्ही मागत आलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर काढून टाकला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव कागदावर ७,७१० रुपये होता. त्या निर्णयाने आमच्या घरातून जे गेले, ते कुठल्या जवानाच्या पेन्शनीत गेले नाही. ते कोणाकडे गेले हे सांगायला नको. तेव्हा भांडण लावायचेच तर ज्याने घेतले त्याच्याशी लावू.

आता पेन्शन म्हणजे काय, ते समजून घेऊ. कचेरीतला कारकून अठ्ठावन्न-साठ वर्षांपर्यंत खुर्चीवर बसतो. शिपाई म्हणून भरती झालेला जवान पस्तीस ते चाळिशीत घरी येतो. फौजेला तरणे हातपाय लागतात, ते वापरून झाले की फौज त्याला सोडते. पोरे शाळेत असतात, बहिणीचे लग्न व्हायचे असते, आणि पगार बंद. त्या उरलेल्या वीस वर्षांच्या कमाईच्या बदल्यात त्याला जे मिळते ती पेन्शन. कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस जुन्या माणसांना आठवत असतील. गाडी खाली करायची, काही रक्कम हातात घ्यायची आणि उरलेल्या चुकाऱ्याची वाट पाहत बसायचे. पेन्शन हा जवानाचा राहिलेला चुकारा आहे. माल देऊन झाला आहे, मोजून झाला आहे. आता चुकाऱ्याच्या वेळी तिजोरीत पैसे नाहीत म्हणणे ही लबाडी आहे. आपल्यावर ती झाली तेव्हा आपण रस्ते अडवले.

त्यांनाही बसावे लागलेच. १९७३ पर्यंत जवानाला शेवटच्या पगाराच्या सत्तर टक्के पेन्शन होती. तिसऱ्या वेतन आयोगानंतर ती पन्नास टक्क्यांवर आली. पुढे प्रत्येक वेतन आयोगाबरोबर नवे निवृत्त होणारे वर चढत गेले आणि जुने खाली राहिले. एकाच हुद्द्याचे, सारखी नोकरी केलेले दोघे. एक १९८५ ला घरी आला, दुसरा २००६ नंतर. पेन्शनीत जमीन-अस्मानाचा फरक. "एक हुद्दा, एक पेन्शन" ही मागणी त्यातून उभी राहिली. राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ मध्ये ती मान्य करावी असे सांगितले. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, तेच पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. सांगून काही झाले नाही. शेवटी २०१५ च्या जूनमध्ये म्हातारे फौजी दिल्लीत जंतर-मंतरवर येऊन बसले. १४ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, पोलिसांनी त्यांना ओढून काढायचा प्रयत्न केला. छातीवर पदके लावलेल्या म्हाताऱ्यांची कॉलर धरली गेली. ५ सप्टेंबरला घोषणा झाली आणि नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला.

तरी पुढचे रडगाणे आहेच. दर पाच वर्षांनी फेरमोजणी करू असे कबूल केले होते. २०१९ ची फेरमोजणी मंत्रिमंडळाने मंजूर केली २०२२ च्या डिसेंबरमध्ये. थकबाकी द्यायला चालढकल झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मार्चमध्ये तारखा घालून दिल्या, की विधवा आणि शौर्यपदकवाल्यांना एप्रिलअखेर, सत्तरीच्या वरच्यांना जूनअखेर, बाकीच्यांना २०२४ च्या फेब्रुवारीअखेर. सरकारने बंद लखोट्यात म्हणणे दिले होते, तो लखोटा न्यायालयाने घेतला नाही. पेन्शनरांना पैसे कधी द्यायचे यात गुपित ते काय? हा लखोट्याचा प्रकार आपण लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

म्हणून आम्ही म्हणतो, फौजेच्या मोठ्या आकड्यात पेन्शनीकडे बोट दाखवणारा माणूस सगळ्यात सोपी शिकार शोधतो आहे. शिवाय त्या १ लाख ६० हजार कोटींत वर्दीवाल्यांबरोबर संरक्षण खात्यातल्या नागरी नोकरांचीही पेन्शन असते. साठीपर्यंत पंख्याखाली बसलेले साहेब आणि सियाचीनला बोटे गमावून आलेला शिपाई, दोघे एकाच गोणीत भरून वजन करतात आणि वर पाटी लावतात जवानाची.

आणि सरकारने या आकड्यावर उपाय काय काढला? २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ आणले. चार वर्षे नोकरी, शंभरातले पंचवीस ठेवायचे, पंचाहत्तर घरी. जाताना साधारण पावणेबारा लाख रुपये, त्यातली निम्मी त्याच्याच पगारातून कापलेली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सालगडी ठेवायचे बंद केले आणि काम गुत्त्याने दिले. सालगड्याला पाडव्याला साल ठरवताना त्याच्या घरच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी मालकावर असते. गुत्तेवाल्याची कसलीच नसते, काम झाले की रस्ता मोकळा. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ अखेर भरतात. त्यातली बहुतेक पोरे परत येणार ती आपल्याच कोरडवाहू गावांत, एकवीस ते पंचवीस वर्षांची, वाटणीत आलेल्या दोन-तीन एकरांवर. फौजेचा बोजा हलका झाला म्हणतात, तो बोजा शेतावर आला. पेन्शन कमी करा असा ठराव करणाऱ्या पोरांनी हे ध्यानात घ्यावे, की कमी करून झालेली आहे, आणि ती आपल्याच भावांची झाली आहे.

मग फौजेच्या खर्चावर तोंडच उघडायचे नाही का? उघडायचे. पण जिथे उघडायला पाहिजे तिथे.

बांधकामाचे घ्या. सीमेवरचे रस्ते, बोगदे यांवर आमचा आक्षेप नाही. रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उघडला, अरुणाचलातला सेला बोगदा २०२४ च्या मार्चमध्ये. बर्फात रस्ता बंद झाल्यावर तिथल्या जवानापर्यंत पीठ कसे पोचते हे त्याच्या आईला विचारा. पण सीमेच्या अलीकडे छावण्या, क्वार्टर, मेस, गोदामे, भिंती, डांबर यांचा जो पसारा आहे, तो कंत्राटदारांचा बाजार आहे आणि त्याचे दर कोणी तपासत नाही. लग्न झालेल्या जवानांना घरे हवीत म्हणून २००२ मध्ये मोठी योजना निघाली. सुमारे दोन लाख घरे बांधायची होती. टप्पे पाडले, मुदती घातल्या, मुदती उलटल्या, किमती वाढल्या. तोपर्यंत किती जवान बायको-पोरांना गावी ठेवून नोकरी संपवून घरी आले, त्याचा हिशेब कुठल्याही फायलीत नाही. आपल्याकडच्या धरणांच्या कालव्यांचे जे झाले तेच इथे. भूमिपूजन आजोबांनी पाहायचे, पाणी नातवाने.

आणि जमीन. संरक्षण खात्याकडे देशात सतरा-अठरा लाख एकर जमीन आहे. सरकारी खात्यांत एवढा मोठा जमीनदार दुसरा सापडणे कठीण. त्यात तोफांच्या सरावाची रानेही आली आणि साहेबांच्या गोल्फची मैदानेही आली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालातच ती मैदाने मोजली आहेत, शंभराच्या घरात भरतात आणि आठ हजार एकरांच्या आसपास जमीन व्यापतात. एकीकडे ही हिरवळ, आणि दुसरीकडे नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांतल्या तेवीस गावांवर के. के. रेंजचे भूत. रणगाड्यांच्या सरावाला जमीन पाहिजे म्हणून पन्नासच्या दशकापासून तिथले शेतकरी धाकात आहेत. अधूनमधून बातमी येते, की आणखी जमीन घेणार. गावे खडबडून उठतात. २०२० मध्ये पुन्हा तसे झाले, पुढारी दिल्लीला जाऊन संरक्षणमंत्र्यांना भेटून आले. तोवर सातबाऱ्यावर टांगती तलवार. अशा जमिनीवर कोणी विहीर खोदत नाही, बँक कर्जाला नाक मुरडते, पोरीच्या लग्नात सोयरे विचारतात की तुमचे शेत राहणार का? ज्या भागात मालदांडी पिकते त्याच भागातली ही जमीन आहे. संरक्षण खात्याने आपल्याकडच्या लाखो एकरांतली पडीक कोणती, वापरातली कोणती, हे आधी जाहीर करावे, मग आमच्या बांधावर यावे. ही मागणी आम्ही ठरावात घालणार आहोत.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना पुलगावबद्दल आम्ही काय सांगणार! देशातला मोठा दारूगोळ्याचा साठा तिथे आहे, चारी बाजूंनी कपाशीची शेते. २०१६ च्या ३० मेच्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली. अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी मिळून पंधराहून जास्त माणसे गेली. आसपासच्या गावांनी रात्र उघड्यावर काढली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मेले. मेलेल्यांत जवळच्या खेड्यांतले मजूर होते. स्फोटाच्या जागी भंगार उचलायला, खोक्या वाहायला रोजाने गेलेली माणसे. ती कोरडवाहू शेतीवर पोट भरत नाही म्हणून गेली होती. देशाच्या संरक्षणात मेली, पण हुतात्म्यांच्या यादीत बसत नाहीत आणि पेन्शनीच्याही नाही. साठवणुकीच्या बांधकामावर, आगीच्या बंदोबस्तावर, जुना माल वेळेत काढण्यावर किती खर्च झाला आणि किती व्हायला हवा होता? फौजेच्या बांधकामाला पैसा वाढवून द्या असे म्हणायची वेळ आली तर आम्ही या कामासाठी बेधडक म्हणू.

औषधपाण्याचेही असेच. माजी सैनिकांसाठी २००३ पासून आरोग्य योजना आहे. फुकट नाही, शिपाई-हवालदाराचे तीस हजार रुपये आधी भरून घेतात. २०२५-२६ ला तिच्यावर आठ हजार तीनशे कोटी ठेवले. ऐकायला पुष्कळ. पण दवाखाना जिल्ह्याच्या किंवा त्याहून लांबच्या गावी. तिथून चिठ्ठी घ्यायची, मग ठरलेल्या खाजगी इस्पितळात जायचे, आणि इस्पितळाची जुनी बिले सरकारकडे अडकलेली असली की काउंटरवरची मुलगी कार्डाकडे पाहूनच सांगते, पैसे भरा. आमच्या एका कार्यकर्त्याचे वडील हवालदार होते. छातीत दुखायला लागल्यावर त्यांना दोन इस्पितळे फिरवली, तिसऱ्या ठिकाणी रोख भरून घेतले. रोख कुठून आले? बैलजोडी विकून. आता सांगा, माजी सैनिकाचा दवाखाना हा प्रश्न त्यांचा की आपला?

ज्यांची पेन्शनीइतकी नोकरी भरली नाही अशांचे तर नावच घेऊ नये. पासष्टीच्या वरच्या अशा म्हाताऱ्यांना, त्यांच्या विधवांना ध्वजनिधीतून महिना चार हजार मिळत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते आठ हजार करण्याचा निर्णय झाला, बरे झाले. पण ध्वजनिधी म्हणजे काय? ७ डिसेंबरला शाळेतल्या पोरांना कागदी झेंडे वाटून, तलाठ्यामार्फत पावत्या फाडून गोळा केलेली वर्गणी. क्वार्टरच्या रंगरंगोटीला तिजोरी आणि लढलेल्या म्हाताऱ्याच्या भाकरीला वर्गणीचा डबा, ही कोणती रीत?

भाकरीवरून आठवले, विषय थोडा बाजूचा आहे पण आपल्या कामाचा. फौजेच्या शिध्यातून ज्वारी-बाजरी अर्ध्या शतकापूर्वी काढून टाकली होती आणि सगळे गव्हाच्या पिठावर आणले होते. २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा ती परत आणली. जवानाच्या तांदूळ-पिठाच्या हक्कातला पाव हिस्सापर्यंत ज्वारी, बाजरी, नाचणी असे ठरले. हे वर्षाच्या शोभेपुरते न राहता खरेदीत उतरावे, आणि ती खरेदी ज्वारी पिकवणाऱ्या जिल्ह्यांतून हमीभावाच्या खाली नव्हे, बाजारभावाने व्हावी. यात कोणाची मेहरबानी नाही. जवान ज्वारीवरच वाढलेला आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा. हे सगळे बोलायचे कुठे? अंदाजपत्रकात संरक्षणाच्या चार वेगळ्या मागण्या असतात, त्यात पेन्शनीची एक स्वतंत्र. लोकसभेत त्यांवर चर्चा होऊन मग मंजुरी, असे पुस्तकात लिहिले आहे. प्रत्यक्षात २०१८ आणि २०२३ मध्ये सगळ्याच खात्यांच्या सगळ्या मागण्या एका दमात, चर्चेविना पास झाल्या. लाखो कोटींवर अक्षर नाही! अमेरिकेत याच दोन गोष्टी, फौजेची बांधकामे आणि माजी सैनिकांच्या सोयी, दरवर्षी एका विधेयकात जोडून आणतात. कुठल्या राज्यात, कुठल्या तळावर, कोणत्या इमारतीला किती डॉलर, ही यादी छापून सगळ्यांसमोर येते. त्यावरून भांडणे होतात, कोण आपल्या मतदारसंघात काय ओढून नेतो ते लोकांना दिसते. तिथे सगळे शहाणे आहेत असे नाही. १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातले फौजी कबूल केलेला बोनस मागायला वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले तेव्हा त्यांच्या झोपड्या त्यांच्याच फौजेने जाळल्या. पण पुढे १९४४ मध्ये परत येणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा, घराच्या कर्जाचा कायदा झाला, तो त्या बोंबाबोंबीची लाज वाटूनच.

इथे कोणी विचारले की लगेच "देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे" म्हणून तोंड बंद करतात. तोफ कुठे ठेवली ते आम्हाला नको. पण भिंतीच्या गिलाव्याचा दर, अर्धवट राहिलेली घरे, पडीक जमीन आणि म्हाताऱ्याचे अडकलेले बिल यांत शत्रूच्या कामाचे काय आहे? तो पुन्हा बंद लखोटाच.

तेव्हा जुना ठराव मागे घ्यावा आणि त्याच्या जागी दुसरा यावा असे आम्ही सुचवतो. त्यात फौजेच्या बांधकामांची जिल्हावार यादी खर्चासह लोकसभेत मांडावी, पडीक संरक्षण जमीन मोजल्याशिवाय एक गुंठाही नवा घेऊ नये, चार वर्षांनी परत येणाऱ्या पोरांचे काय करणार ते लेखी सांगावे, आणि औषधोपचाराची थकीत बिले चुकती करावीत, एवढे असावे. आपल्या खासदारांनी पुढच्या अंदाजपत्रकी अधिवेशनात संरक्षणाच्या मागण्यांवर बोलण्यासाठी नाव दिले की नाही, हे जिल्हा बैठकीने त्यांना पत्राने विचारावे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या गावातल्या माजी सैनिकांची, सैनिक विधवांची आणि अग्निवीर म्हणून गेलेल्या पोरांची संख्या लिहून आणावी. ज्यांची पेन्शन, थकबाकी किंवा दवाखान्याचे बिल अडले आहे त्यांनी कागदाची झेरॉक्स सोबत आणावी. आणि त्या दिवशी मागच्या ओळीतून उठलेल्या बाबांना यावेळी पुढे बसवावे, नवा ठराव त्यांनीच मांडावा.